लोकांची गाडी, लोकांचा पैसा
फोक्सवॅगन मोटारीची आणि तिच्या मालकांची हकिकत

आपल्या मासिकात ऊस, खत, पाणी आणि उतारा यांच्यावर नेहमीच लिहिलं जातं. या वेळी आम्ही विषय घेतला आहे एका जर्मन मोटारीचा. कुणी म्हणेल, साखर कारखान्याच्या मासिकात मोटारीचं काय काम? काम आहे. गाडी रस्त्यावर यायच्या आधीच या मोटारीच्या नावावर तीन लाखांहून अधिक लोकांकडून आठवड्याला पैसे गोळा झाले. पुढं त्याच कारखान्याचे शेअर सामान्य माणसाला विकले गेले. आणि या मोटारीचं उसाशीही नातं जडलं. ठेव, शेअर आणि ऊस हे तिन्ही शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत, त्यांना ही हकिकत परकी वाटणार नाही.

जर्मन भाषेत फोल्क म्हणजे लोक आणि वागेन म्हणजे गाडी. फोक्सवॅगन म्हणजे लोकांची गाडी. तिचा जुना नमुना पाठीला बाक असलेला, डोळे वटारलेला. पहिला वळीव पडला की बाभळीवर आणि कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे दिसतात ना, तस्सा! जर्मन लोक तिला केफर म्हणजे भुंगेराच म्हणत, इंग्रज बीटल म्हणत. फरक इतकाच की आपला भुंगेरा उसाच्या मुळावर उठतो आणि त्यांच्या भुंगेऱ्यानं मोडलेला देश परत चाकावर आणला.

पाच मार्कांची तिकिटं

जर्मनीत १९३३ साली हिटलरची सत्ता आली. त्या काळी तिकडं मोटार ही बड्या लोकांची चीज होती. १९३४ साली हिटलरनं जाहीर केलं की साध्या माणसाला परवडेल अशी मोटार काढायची. फर्डिनांड पोर्श या इंजिनिअराकडं त्याच वर्षी नमुना तयार करण्याचं काम दिलं गेलं. किंमत ठरली ९९० मार्क. एवढ्या पैशात गाडी बसवायला एकही खाजगी मोटारवाला राजी होईना, तेव्हा सरकारी कामगार आघाडीनं कारखाना अंगावर घेतला. या आघाडीकडं पैसा कुठून आला? १९३३ साली जर्मनीतल्या कामगार संघटना मोडून त्यांची मालमत्ता तिनं ताब्यात घेतली होती. म्हणजे पायाच्या दगडाखालीच दुसऱ्याचा पैसा होता. २६ मे १९३८ रोजी फालर्सलेबेन गावाजवळ कालव्याच्या काठी हिटलरच्या हातून कोनशिला बसली.

मग बचत योजना निघाली. ज्याला गाडी पाहिजे त्यानं एक कार्ड घ्यायचं, दर आठवड्याला किमान पाच मार्कांचं तिकीट विकत घेऊन त्यावर चिकटवायचं. त्या काळी कामगाराचा आठवड्याचा पगार साधारण तीसेक मार्क. त्यातून पाच काढायचे म्हणजे पोटाला चिमटा. पाच-पाचनं ९९० भरायला १९८ आठवडे लागत, म्हणजे जवळजवळ चार वर्षं. विम्याचे पैसे निराळे.

योजनेच्या अटी तर ऐकण्यासारख्या आहेत. भरलेल्या पैशावर व्याज नाही. मधेच थांबलं तर पैसे परत नाहीत. कार्ड दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आपल्याकडं ठेवीची कपात झाली तर सभासद बिलावर बोट ठेवून विचारतो, ही कसली कपात, व्याज किती, परत कधी? तिथं विचारायची सोय नव्हती. जाहिरातीत मात्र बायकापोरांसह रानावनात फिरणारं सुखी कुटुंब दाखवलं जायचं.

तरीही सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी कार्डं घेतली आणि २५ कोटींहून अधिक मार्क जमा झाले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं. कारखान्यात लष्करासाठी उघड्या गाड्या निघू लागल्या. युद्धकाळात नागरी नमुन्याच्या काही शेच गाड्या बनल्या आणि त्या सत्तेतल्या मंडळींच्या दारात गेल्या. तिकिटं चिकटवणाऱ्या लाखो लोकांपैकी एकालाही त्या कार्डावर गाडी मिळाली नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. युद्धाच्या काळात या कारखान्यात सुमारे वीस हजार लोकांना सक्तीनं राबवलं गेलं. त्यात पोलंड, रशिया आणि इतर देशांतून पकडून आणलेले लोक होते, युद्धकैदी होते आणि छळछावण्यांतले कैदीही होते. त्यांच्यातल्या हयात लोकांसाठी कंपनीनं मदतनिधी काढला तो १९९८ साली. पन्नास वर्षं उलटून गेली होती. तोवर किती जण मागायला उरले असतील, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

गोऱ्या मेजरनं कारखाना वाचवला

१९४५ साली जर्मनी हरली. कारखान्यावर बाँब पडलेले, छपरं उडालेली. तो भाग इंग्रजांच्या ताब्यात आला. कारखान्याभोवतीच्या वस्तीला वोल्फ्सबुर्ग हे नाव त्याच वर्षी मिळालं. यंत्रं उचलून न्यायची किंवा मोडीत काढायची असाच विचार चालला होता. पण आयव्हन हर्स्ट नावाचा एक इंग्रज मेजर तिथं नेमला गेला. त्यानं एक जुनी गाडी हिरव्या रंगात रंगवून आपल्या वरिष्ठांना दाखवली. इंग्रज फौजेला गाड्यांची नड होतीच. वीस हजार गाड्यांची ऑर्डर मिळाली आणि १९४५ च्या डिसेंबर अखेरीस नियमित उत्पादन सुरू झालं. पत्रा मिळत नव्हता, कोळसा मिळत नव्हता, कामगार अर्धपोटी. तरी ऑक्टोबर १९४६ मध्ये दहा हजारावी गाडी बाहेर पडली.

१ जानेवारी १९४८ पासून हाइन्रिख नॉर्डहॉफ हे कारखान्याचे प्रमुख झाले. त्यांनी दोन गोष्टी धरून ठेवल्या. एक, गाडीचा आकार दर साल बदलायचा नाही. आतले दोष मात्र एकेक करून काढत राहायचं. दुसरी, जिथं गाडी विकायची तिथं आधी दुरुस्तीची सोय आणि सुटे भाग न्यायचे. ऑक्टोबर १९४९ मध्ये इंग्रजांनी कारखाना जर्मन सरकारच्या हवाली केला. ऑगस्ट १९५५ मध्ये दहा लाखावी गाडी निघाली. फेब्रुवारी १९७२ मध्ये तर दीड कोटींचा आकडा ओलांडून या भुंगेऱ्यानं अमेरिकेच्या फोर्ड टी गाडीचा विक्रम मोडला.

मालकांचे अनुभव

गाडी कशी होती हे कंपनीच्या पत्रकापेक्षा वापरणाऱ्याकडून ऐकावं. त्या पिढीच्या मालकांच्या सांगण्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

पहिली गोष्ट इंजिनाची. इंजिन गाडीच्या मागल्या बाजूला आणि हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, पाणी नाही. जर्मनीत हिवाळ्यात पाणी गोठून इंजिन फुटायचं, ती भीतीच गेली. उन्हाळ्यात घाट चढताना इतर गाड्या वाफा सोडत कडेला उभ्या असायच्या आणि हा भुंगेरा गुरगुरत वर जायचा. आपल्याकडं बुलेट चालवणाऱ्याला यातली मेख लगेच कळेल. चार सिलिंडर, दोन इकडं दोन तिकडं, समोरासमोर आडवे. युद्धानंतरच्या गाडीची ताकद फक्त २५ अश्वशक्ती, १९५४ पासून ३०. आजच्या लहान ट्रॅक्टरएवढी! पण ताशी शंभर किलोमीटर वेगानं ती दिवसभर पळे. इंजिन चार मोठ्या बोल्टांवर धरलेलं. ते सोडले आणि वायरी-नळ्या काढल्या की दोन माणसं इंजिन खाली उतरवत. कितीतरी मालक घरच्या अंगणात ही कामं शिकले.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. १९६१ पर्यंत गाडीला पेट्रोलचा काटाच नव्हता. पुढल्या झाकणाखाली टाकी. तिच्यात लाकडी पट्टी बुडवून किती ओली झाली ते बघायचं, जसं आपण डिझेलच्या बॅरलमध्ये काठी घालून बघतो. चालता चालता गाडीनं आचके दिले की पायापाशी एक खिटी असे, ती फिरवायची, म्हणजे राखीव पाचेक लिटर चालू. खिटी आधीच फिरवून ठेवलेली असली आणि ध्यानात नसलं, तर मग पुढच्या पंपापर्यंत ढकलगाडी!

तिसरी गोष्ट थंडीची. गाडीत ऊब यायची ती इंजिनाच्या तापलेल्या धुराड्यावरून फिरून आलेल्या हवेची. इंजिन मागं, माणसं पुढं. ऊब येईतो प्रवास संपायचा. काचेवर आतून बर्फ धरायचा आणि बायको शेजारी बसून तो खरवडत असायची, हा किस्सा जर्मनीत घरोघर आहे. जोराचा आडवा वारा लागला की गाडी रस्त्यावर सरकायची, हीही तक्रार होती. साध्या नमुन्याला ब्रेक तारेवर ओढले जाणारे आणि गिअर टाकताना दोनदा क्लच दाबण्याची कसरत. ज्यांना जास्त पैसे देणं शक्य होतं त्यांना सुधारित नमुना मिळे.

गंमतीही होत्या. वळताना दिवा लुकलुकत नसे. दाराच्या मागच्या खांबातून लाल-पिवळा हात बाहेर यायचा. पुढं काच धुण्याचं पाणी उडवण्यासाठी जादा टायरमधली हवा वापरली. काटकसर ती किती! एक लाख किलोमीटर मूळ इंजिनावर पूर्ण करणाऱ्याला कंपनी प्रशस्तिपत्र आणि गाडीत लावायचं पदक देत असे. मालकाला आपली गाडी जपावीशी वाटावी म्हणून याहून स्वस्त आणि चांगला उपाय नसेल.

सगळ्यांत मोठा अनुभव वेगळाच. युद्धात हरलेल्या, उपासमार बघितलेल्या माणसानं पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं घेतलेली गाडी दारात उभी केली. त्या गाडीतून डोंगर ओलांडून बायकापोरांसह इटलीच्या समुद्रावर गेला. आपल्या भागात उसाच्या पहिल्या मोठ्या बिलावर घेतलेल्या राजदूत मोटारसायकलीवरून आख्खं घर जोतिबाला गेलं, त्यातला आनंद ज्यांनी अनुभवला त्यांना हे समजावून सांगायला नको.

तेरा वर्षांचा दावा

आता ती बचतीची कार्डं कुठं गेली? ती लोकांनी जपून ठेवली होती. १९४८ नंतर कारखान्यातून गाड्या धडाधड बाहेर पडू लागल्या, तेव्हा कार्डवाले म्हणाले, आमचे पैसे भरलेत, आमची गाडी द्या. कारखान्यानं सांगितलं, तुम्ही पैसे भरले ते कामगार आघाडीकडं. आमच्या तिजोरीत त्यातला मार्कही आला नाही. तेही खरंच होतं. पैसा बर्लिनच्या बँकेत होता आणि बर्लिन पडल्यावर तो रशियनांच्या हाती गेला. आघाडी बुडाली, बँक बुडाली. मग देणं लागतं कुणाचं?

बचतदारांनी आपली संघटना केली. दोन बचतदारांच्या नावानं दावा लागला. खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात, वरच्या कोर्टातून पुन्हा खाली, अशा फेऱ्या झाल्या. आपल्याकडच्या बांधाच्या दाव्यांचीच आठवण व्हावी. अखेर १९६१ साली तडजोड झाली. पूर्ण कार्ड भरलेल्याला नव्या गाडीच्या किमतीत जास्तीत जास्त ६०० मार्क सूट, किंवा गाडी नको असेल तर १०० मार्क रोख. त्या दशकात साध्या नमुन्याची गाडी पावणेचार हजार मार्कांच्या घरात होती. म्हणजे ज्यानं एके काळी पूर्ण गाडीचे पैसे भरले, त्याच्या पदरात गाडीचा सहावा हिस्सा पडला.

कमी मिळालं खरं. पण जे मिळालं ते दोन गोष्टींमुळं मिळालं. लोकांनी कागद टाकून दिला नाही आणि एकेकटे भांडत बसले नाहीत.

लोकांचे शेअर

त्याच १९६१ साली दुसरी मोठी घटना घडली. कारखाना नेमका कुणाचा, हा प्रश्न भिजत पडला होता. केंद्र सरकार म्हणे आमचा, लोअर सॅक्सनी हे राज्य म्हणे आमचा. शेवटी कायद्यानं तोडगा निघाला. भागभांडवलाचे साठ टक्के शेअर लोकांना विकायचे, वीस टक्के केंद्राकडं आणि वीस टक्के राज्याकडं ठेवायचे. शंभर मार्कांचा शेअर साडेतीनशेला काढला. कमी मिळकतीच्या माणसालाच तो मिळावा म्हणून उत्पन्नाची मर्यादा घातली. लहान कमाईच्या आणि पोरंबाळं असलेल्या घरांना किमतीत सवलत दिली. मागणी इतकी आली की एकेकाला थोडेच शेअर वाट्याला आले. सुमारे पंधरा लाख लोक शेअरहोल्डर झाले. विक्रीचा पैसा शास्त्रीय संशोधनाला मदत करणाऱ्या एका मोठ्या प्रतिष्ठानाला दिला गेला. ते प्रतिष्ठान हानोव्हर शहरात आजही चालू आहे.

कायद्यात एक कलम होतं. कुणाकडं कितीही शेअर असले तरी त्याला एकूण मतांच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त मत देता येणार नाही. आपल्याकडं एक सभासद एक मत असतं, तेवढं पुढं ते गेले नाहीत. पण पैसेवाल्यानं एका रात्रीत कारखाना गिळू नये एवढी कुंपणाची सोय केली.

पुढं काय झालं? लोकांनी नडीअडचणीला, पोरीच्या लग्नाला, घराच्या कामाला शेअर विकले. भाव चढला तेव्हा विकले, पडला तेव्हा घाबरून विकले. केंद्र सरकारनंही आपला हिस्सा विकून टाकला. २००७ साली युरोपच्या न्यायालयानं वीस टक्क्यांच्या मताचं कलम बेकायदा ठरवलं. आज मतांचा निम्म्याहून मोठा वाटा पोर्श नावाच्या कंपनीकडं आहे आणि ती कंपनी पोर्श आणि पिएश या घराण्यांच्या ताब्यात आहे. म्हणजे ज्या फर्डिनांड पोर्शनं गाडी आखली, त्याच्याच वंशजांच्या. फक्त लोअर सॅक्सनी राज्यानं आपला मताचा पाचवा हिस्सा सोडलेला नाही. मोठ्या ठरावांना तिथं पाचातले चार हिस्से मतं लागतात, म्हणून त्या राज्याला डावलून काही करता येत नाही. २०२४ मध्ये कंपनी अडचणीत असताना जर्मनीतले कारखाने बंद करण्याची भाषा निघाली होती. अखेर तडजोडीत २०३० पर्यंत पस्तीस हजारांहून अधिक नोकऱ्या टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं, पण लगेच कारखान्यांना टाळं लावणं टळलं. ज्यानं शेअर राखला त्याचा शब्द राहिला. ज्यानं विकला त्याच्याकडं नुसती आठवण राहिली.

उसावर चालणारा भुंगेरा

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. फोक्सवॅगननं ब्राझीलमध्ये १९५९ पासून भुंगेरा बनवायला सुरुवात केली. तिकडं त्याला फुस्का म्हणतात. १९७३ साली तेलाचे भाव भडकले. ब्राझीलकडं ऊस होता, तेल नव्हतं. १९७५ साली सरकारनं उसापासून अल्कोहोल काढून गाड्यांत वापरण्याचा कार्यक्रम आखला. आधी पेट्रोलमध्ये मिसळून आणि १९७९ पासून निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या निघाल्या. फुस्काही अल्कोहोलवर मिळू लागला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथं विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अल्कोहोलवाल्या होत्या.

मालकांना काय अनुभव आला? इंधन स्वस्त, पण लिटरमागं गाडी कमी पळे, कारण अल्कोहोलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशाएवढीच ऊर्जा असते. थंड सकाळी गाडी चालू होईना. त्यासाठी पेट्रोलची एक लहान टाकी दिलेली असे. तिच्यातलं थोडं पेट्रोल सोडून इंजिन पेटवायचं. सुरुवातीला कार्ब्युरेटर गंजायचे, मग त्यांना आतून मुलामा देण्यात आला. एवढं सोसून लोकांनी उसाच्या गाडीवर भरवसा ठेवला.

हा भरवसा मोडला १९८९ साली. तेल स्वस्त झालं होतं, सरकार अल्कोहोलला पुरेसा भाव देईना आणि साखरेला बाहेर चांगला भाव मिळत होता. कारखाने साखरेकडं वळले. पंपावर अल्कोहोल संपलं. गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. ज्या गाडीत दुसरं इंधन चालतच नाही, तिच्या मालकानं काय करावं? पुढच्या सात-आठ वर्षांत अल्कोहोलच्या नव्या गाडीला कुणी विचारीना. शंभरात एकसुद्धा खपेना. दहा वर्षांत कमावलेली पत एका टंचाईत गेली.

पत परत आली ती २००३ साली आणि तीही फोक्सवॅगनच्याच गाडीतून. त्या वर्षी ब्राझीलमध्ये गोल नावाची अशी गाडी आली, की तिच्यात पेट्रोल घाला, अल्कोहोल घाला किंवा कुठल्याही प्रमाणात दोन्ही घाला. आता इंधन निवडण्याचा हक्क मालकाच्या हातात आला. तिकडचा मालक पंपावर सोपा हिशेब करतो: अल्कोहोलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी असला तर अल्कोहोल, नाहीतर पेट्रोल. ज्याला दोन वाटा मोकळ्या असतात तो बिनधास्त गाडी घेतो. थोड्याच वर्षांत तिथल्या बहुतेक नव्या गाड्या अशाच दुहेरी इंधनाच्या झाल्या.

आपण ऊस पिकवणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं? आपल्या देशात २०२५ सालापर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीनं केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी ती उठवली. सरकारची अडचण असेल, कारखान्याची असेल. पण गाडीवाला ती जाणत नाही. त्याला फक्त एवढं कळतं की माल मिळाला की नाही आणि गाडी नीट चालली की नाही. इथेनॉलची पत ही शेवटी उसाची पत आहे.

पुन्हा एकदा कोर्ट

भुंगेऱ्याचं उत्पादन वोल्फ्सबुर्गमध्ये १९७४ साली थांबलं, त्याच वर्षी गोल्फ नावाची नवी गाडी आली. जुना भुंगेरा मेक्सिकोत मात्र बनत राहिला. तिकडं त्याला वोचो म्हणत. मेक्सिको शहरात हजारो वोचो टॅक्स्या होत्या. पुढची शेजारची सीट काढून टाकायची म्हणजे उतारूला मागं जायला वाट मोकळी. शेवटचा भुंगेरा ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथल्या कारखान्यातून निघाला. एकूण आकडा २ कोटी १५ लाख २९ हजार ४६४.

इतकं नाव कमावलेल्या कंपनीनं पुढं काय करावं? सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं उघड केलं की कंपनीच्या डिझेल गाड्यांत लबाडी आहे. गाडी तपासणीला लावली आहे हे आतल्या यंत्रणेला ओळखू येई आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ निघे. रस्त्यावर मात्र विषारी वायू मर्यादेच्या कितीतरी पट. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही करामत होती. वजनकाट्यावर तपासनीस आला की काटा बरोबर आणि तो गेला की काटा हलका, असाच हा प्रकार. उसाच्या गाडीचं वजन करून घेणाऱ्याला यातला राग वेगळा सांगायला नको.

अमेरिकेत कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या आणि मालकांना भरपाई द्यावी लागली. भारतातही डिसेंबर २०१५ मध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटी रुपयांचा दंड सुनावला. जर्मनीत मालकांना पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. या वेळी मात्र ग्राहक संघटनेला सगळ्यांच्या वतीनं एकच दावा लावण्याची सोय कायद्यात झाली होती. २०२० साली तडजोड झाली आणि दोन लाखांहून अधिक मालकांना गाडीच्या वयाप्रमाणं १,३५० ते ६,२५७ युरो मिळाले. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं सांगितलं की फसवलेला मालक गाडी परत करून पैसे मागू शकतो; वापराचे पैसे तेवढे वजा होतील. त्यांच्या आजोबांना कार्डावरच्या पैशांसाठी तेरा वर्षं लागली होती. नातवांना पाच वर्षांत निकाल मिळाला.

आपल्या दारात

फोक्सवॅगन आपल्यापासून फार लांब नाही. २००९ साली पुणे जिल्ह्यात चाकण इथं तिचा कारखाना सुरू झाला आणि पोलो गाडी तिथून निघू लागली. त्याच समूहाची स्कोडा त्याआधी २००१ पासून औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, बनू लागली होती. आपल्या भागातली कितीतरी पोरं आयटीआय करून चाकणच्या पट्ट्यात कामाला आहेत. पोलो भारतात २०२२ साली बंद झाली. रस्त्यावर अजून दिसते.

सभासदांपैकी ज्यांच्या दारात कुठल्याही कंपनीची मोटार किंवा मोटारसायकल आहे त्यांना दोन सूचना. गाडीच्या पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालतं ते वाचून घ्यावं आणि जुनी गाडी असेल तर इंधनाच्या रबरी नळ्या मेकॅनिककडून वेळच्या वेळी बघून घ्याव्यात. आणि कंपनीनं गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावल्याचं पत्र आलं तर ते बाजूला टाकू नये. तो आपला हक्क आहे, फुकटची कटकट नव्हे.

या सगळ्या हकिकतीत आम्हाला एक गोष्ट मोठी वाटली. "लोकांची" असं नाव देऊन गाडी लोकांची होत नाही, तसा कारखानाही होत नाही. बिनव्याजी कार्ड घेऊन कुणी काही विचारलं नाही, तिथं सगळा पैसा बुडाला. कागद जपून लोक एकत्र आले, तिथं थोडं का होईना परत मिळालं. राज्यानं शेअर हातचा सोडला नाही, तिथं आजही त्याला विचारल्यावाचून पान हलत नाही.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, घरी ट्रंकेत, फोटोच्या मागं किंवा जुन्या सात-बाराच्या गठ्ठ्यात आपला शेअर दाखला कुठं आहे तो एकदा काढून बघा. वडिलांच्या नावावर असेल तर वारस नोंद करून घ्या. ठेवीच्या पावत्या एका जागी लावा. आणि वार्षिक सभेचा अहवाल घरी आला की रद्दीत टाकण्याआधी वाचा, न समजलेला आकडा सभेत उभं राहून विचारा.